शनिवारची सकाळ आणि आजोबांची मोडी

करसल्लागाराच्या व्यवसायात जून आणि जुलै हे सुगीचे महिने. विवरणपत्रे भरण्याची माझी पद्धत गेल्या काही वर्षांत इतकी बांधीव झाली, की पूर्वी दीड तास खाणारे काम चाळीस मिनिटांत उरकू लागले. वाचलेला वेळ मात्र माझ्या वाट्याला आला नाही, कारण तितकी नवी अशिले येत गेली आणि मी कोणालाच नाही म्हटले नाही. आमच्या घरात मिक्सर आला तेव्हा आईचेही असेच झाले होते. पाटा-वरवंट्याचे कष्ट गेले आणि एका चटणीच्या जागी तीन चटण्यांची अपेक्षा होऊ लागली.

माळ्यावरच्या पेटीत आजोबांची मोडीतली एकतीस पत्रे होती. ‘सवड मिळाली की वाचू’ असे मी बारा वर्षे म्हणत होतो. गेल्या वर्षी नवी अशिले घेणे थांबवले आणि शनिवारची सकाळ या पत्रांना दिली. उत्पन्न घटणार हे घरच्यांशी बोलून, मान्य करूनच हे ठरवले.

मोडी ही झरझर लिहिण्याची लिपी. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो, तिच्याखाली शक्यतो लेखणी न उचलता अक्षरे लिहीत जातो, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही आणि इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याचा जो वेळ वाचतो, तो वाचणाऱ्याला भरून द्यावा लागतो. दोन तासांत मला जेमतेम सहा-सात ओळी लागतात. एखाद्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतले असते तर सगळी पत्रे आठवड्याभरात हाती आली असती, असे भाच्याने सुचवले, आणि ते खरेही आहे. परंतु आजोबांचा हात हळूहळू ओळखीचा होणे, त्यांचा घाईतला ‘क’ आणि निवांत असतानाचा ‘क’ वेगळा कळू लागणे, हे मला दुसऱ्याकडून करून घ्यायचे नव्हते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद आहेत आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज मोठी आहे, याची मला जाणीव आहे. तरीही तिकडे मी वळणार नाही. माझ्याजवळच्या सकाळी या एकतीस पत्रांपुरत्याच आहेत.

दोन शनिवार अडलेला एक शब्द परवा ‘पाझर’ निघाला. मळ्यातल्या नव्या विहिरीला पाझर फुटल्याचे आजोबा आपल्या थोरल्या भावाला कळवत होते. त्याच विहिरीत मी पोहायला शिकलो.