दार लागत नाही

जर्मनीतल्या कोलोन शहरातील आमच्या इमारतीच्या दारावर गेल्या हिवाळ्यात एक चिठ्ठी चिकटवलेली होती. तळमजल्यावरच्या आजींचे वळणदार अक्षर मला ओळखीचे आहे. मजकूर एवढाच होता: ‘दी हाउसट्यूर लेस्ट झिश निश्ट श्लीसन.’ मराठीत सांगायचे तर, ‘दार लागत नाही.’ आपले दार आपसूक लागते किंवा लागत नाही. जर्मन दाराने मात्र स्वतःला लावू द्यावे लागते, आणि ते देत नसेल तर तशी चिठ्ठी लिहावी लागते. हे ‘देणे’ ज्या क्रियापदाच्या हाती आहे ते ‘लासन’ (चिठ्ठीतले ‘लेस्ट’ हे त्याचेच रूप), आणि या भाषेत मला सर्वांत जास्त दमवले तेही त्यानेच.

‘लासन’ हा इंग्रजी ‘लेट’चा सख्खा भाऊबंद. किल्ली घरी राहिली तरी लासन, मुलांना उशिरापर्यंत खेळू दिले तरी लासन आणि शिंप्याकडून कोट शिवून घेतला तरीही लासनच. आपल्याकडे ‘जाऊ देणे’ आणि ‘शिवून घेणे’ यांत देणे व घेणे इतके उघड विरुद्ध आहेत की ही दोन्ही कामे एकच शब्द करत असेल, यावर माझा बरेच दिवस विश्वास बसला नव्हता. ‘आई मुलीला स्वयंपाक करू देते’ आणि ‘आई मुलीला स्वयंपाक करायला लावते’ या दोन वाक्यांतून त्या घराची दोन वेगळी चित्रे उभी राहतात. जर्मनमध्ये मात्र दोन्हींसाठी अक्षरशः एकच वाक्य चालते, आणि मुलगी हौसेने रांधते आहे की नाइलाजाने, हे ऐकणाऱ्याने मागच्यापुढच्या बोलण्यावरून ओळखायचे.

नवा असताना मी आजींना एकदा मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की काल मी केस कापले. मराठीत एवढे पुरते. कात्री कोणाच्या हाती होती, हे कोणी विचारत नाही. आजींनी चष्मा नीट करून माझ्या डोक्याकडे मागून, बाजूने पाहिले आणि म्हणाल्या, ‘स्वतः कापलेत, त्या मानाने छान जमले आहेत.’ लासन गाळल्यामुळे सलूनवाल्याचे श्रेय मी परस्पर लाटले होते. गंमत म्हणजे हेच लोक गवंड्यांकडून घर बांधून घेतात आणि ‘आम्ही घर बांधले’ असे खुशाल सांगतात. तेथे त्यांनाही लासन आठवत नाही.

पण चिठ्ठीत मला खिळवून ठेवले ते शुद्धलेखनाने. रोमन ‘बी’सारखे दिसणारे, जर्मन लोक ज्याला ‘एस्त्सेट’ म्हणतात ते अक्षर आजींनी ‘लेस्ट’मध्येही लिहिले होते आणि ‘श्लीसन’मध्येही. 1996 साली ठरलेल्या आणि 1998 पासून लागू झालेल्या नियमांनुसार ऱ्हस्व स्वरानंतर दोन ‘एस’ लिहायचे आणि दीर्घ किंवा संयुक्त स्वरानंतर एस्त्सेट. म्हणजे ‘लेस्ट’मधले चूक ठरले, ‘श्लीसन’मधले शाबूत राहिले. लासनचे भूतकाळी रूप ‘लीस’ दीर्घ असल्याने तेथेही एस्त्सेट टिकले आहे. एकाच क्रियापदाच्या दोन काळांत स्पेलिंग असे बदललेले पाहून परदेशी विद्यार्थी वैतागतो. 1962 च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनंतर ‘नांव’ आणि ‘कांहीं’ यांच्या डोक्यावरचे अनुस्वार उतरले तरी जुन्या पत्रांत ते जपून ठेवणारी माणसे ज्याने घरात पाहिली आहेत, त्याला आजींची चूक चूक वाटत नाही. स्वित्झर्लंडने हे अक्षर केव्हाच सोडून दिले. त्यामुळे तेथे ‘बिअर माफक प्या’ आणि ‘बिअर भरमसाट प्या’ हे दोन सल्ले कागदावर एकसारखेच दिसतात.

उपसर्ग लागला की लासन आणखी खोड्या काढते. ‘फेरलासन’ म्हणजे सोडून जाणे. त्यालाच स्वतःवाचक ‘झिश’ जोडून पुढे ‘आउफ’ लावले की अर्थ होतो विसंबणे. ज्याच्यावर विसंबायचे आणि ज्याला सोडून जायचे, त्या दोघांसाठी एकच शब्द. जर्मन म्हणही त्यावरच कोटी करते: जो दुसऱ्यावर विसंबला, तो सोडलेलाच. आपल्याकडे त्याचा कार्यभाग बुडतो, इतकेच. ‘गेलासन’ची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने जाते. माइस्टर एकहार्टसारख्या संतप्रवृत्तीच्या धर्मोपदेशकांनी 1300 च्या सुमारास हा शब्द ‘मीपण सोडलेला’ अशा अर्थाने वापरला. आज रेल्वे तासभर उशिरा आली तरी शांतपणे फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाला तो लावतात. मला हा घसारा मुळीच वाटत नाही.

लासनशी माझी खरी दिलजमाई झाली ती बिलाच्या टेबलाशी. मी पाकिटाकडे हात नेला की मित्र म्हणतो, ‘लास श्टेकन’, म्हणजे पाकीट खिशात आहे तेथेच असू दे. ‘अहो, राहू द्या’ म्हणत हात धरणाऱ्या आपल्या माणसांचा सूर त्यात जसाच्या तसा आहे.

फेब्रुवारीत दार दुरुस्त झाले. आजींनी चिठ्ठी काढली नाही, खाली एक ओळ वाढवली: ‘हाबे झी रेपारीरन लासन’, दुरुस्त करून घेतले आहे. नियमाने येथे लासनचे भूतकाळवाचक रूप ‘गेलासन’ होत नाही, दोन मूळ रूपे शेजारी शेजारी उभी राहतात. त्या ओळीत एस्त्सेट कोठेच नव्हते.