घायपाताच्या फुलोऱ्याची वाट पाहताना

घायपाताला ‘सेंच्युरी प्लांट’ असेही म्हणतात आणि त्यावरून ते शंभर वर्षांनी फुलते असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात अगेव्ह अमेरिकाना ही जात साधारणपणे १० ते ३० वर्षांत फुलते. तरीही एका माणसाने घरच्या बागेत लावून फुलाची वाट पाहावी, यासाठी हा काळ थोडा नाही. मला मात्र या झाडाची ओढ फुलापेक्षा त्या मधल्या वर्षांमुळे अधिक लागली.

त्या वर्षांत झाड स्वस्थ बसलेले नसते. मूळचे मेक्सिको आणि आसपासच्या कोरड्या प्रदेशांतले असल्याने ते दिवसा पानांवरील रंध्रे मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपाने साठवते. यामुळे पाणी वाचते, पण वाढ संथ होते. वर्षानुवर्षे जाड पानांत आणि बुंध्यात जमवलेली ही शिदोरी अखेरीस एकाच फुलोऱ्यावर खर्च होते. दांडा काही महिन्यांत ७-८ मीटरपर्यंत उंच जातो, पाने सुरकुततात आणि बी धरल्यावर पानांचा तो गुच्छ मरतो. दांडा छाटला तरी झाड सहसा वाचत नाही. मेक्सिकोत पुल्के हे पेय करणारे लोक दांडा वर येण्याआधीच गाभा कोरून त्यात जमणारा गोड रस काढतात, आणि तेही झाड पुढे मरतेच.

माझे पहिले घायपात मात्र फुलून नव्हे, माझ्या अति काळजीने गेले. इतर कुंड्यांबरोबर मी त्यालाही नियमाने पाणी देत राहिलो आणि बुंधा आतून कुजला. वरची पाने बरेच दिवस टवटवीत दिसत असल्यामुळे ते मला फार उशिरा कळले. आता मी मातीत निम्मी जाड वाळू आणि बारीक खडी मिसळतो, झाड थोड्या उंचवट्यावर लावतो आणि माती पूर्ण कोरडी झाल्याखेरीज पाणी देत नाही. भरपूर ऊन हवे. खत जवळजवळ नकोच.

पानांच्या टोकाचा काटा डोळ्यांच्या उंचीवर येत असेल, तर जागा बदलावी, आणि हा निर्णय लावतानाच घ्यावा, कारण मोठे झालेले झाड हलवणे फार कष्टाचे असते. त्याचा रस अंगाला लागल्यास खाज सुटते व पुरळ येते, म्हणून हातमोजे आणि लांब बाह्या आवश्यक आहेत.

बुंध्याभोवती पिल्ले येतात. ती वीतभर झाली की धारदार चाकूने वेगळी करून, जखम सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवून मगच लावावीत. सगळी पिल्ले काढण्याचा मोह मी टाळतो, कारण मूळ झाड गेल्यावर त्याची जागा तीच घेणार आहेत.

नवी पाने गाभ्यात एकमेकांना घट्ट चिकटून वाढतात, त्यामुळे उलगडलेल्या पानावर शेजारच्या पानाच्या काटेरी कडेचा ठसा उमटलेला असतो. तो मला कोणत्याही फुलाइतका सुंदर वाटतो. फुलोरा जवळ आला की गाभ्यातील पाने आखूड व अरुंद होऊ लागतात, म्हणून दर आठवड्याला मी तिथे निरखून पाहतो. सध्याचे सर्वांत नवे पान आधीच्या पानांइतकेच रुंद आहे, आणि बुंध्याशी राखलेली दोन पिल्ले आता हातभर झाली आहेत.