मुलाखतीच्या दिवशी दिसलेला कारखाना

2011 सालच्या जून महिन्यात मी नाशिकहून चाकणला एका मुलाखतीसाठी गेले होते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत चार वर्षे क्वालिटी विभागात काढल्यावर मोठ्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करण्याची इच्छा होती, आणि त्या काळी तशी इच्छा असणाऱ्या प्रत्येकाची नजर चाकणकडे लागलेली असे. मुलाखत सकाळी 11 वाजता होती. पहाटेची एसटी धरून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर असा प्रवास करत मी चाकणला उतरले, तळेगाव चौकातून शेअर रिक्षाने महाळुंगेच्या दिशेने गेले आणि साडेदहाला कारखान्याच्या गेटवर उभी राहिले.

गेटवरच्या यादीत माझे नाव नव्हते. ज्या एचआर अधिकाऱ्याने फोन करून बोलावले होते, तो फोन उचलत नव्हता. सिक्युरिटीचे काका सज्जन होते; त्यांनी बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि अर्ध्या तासाने, मुलाखतीसाठी वेगळा पास नसल्यामुळे, माल पुरवणाऱ्यांसाठी असलेल्या पासवर माझे नाव लिहून मला आत सोडले. आत गेल्यावर चार पानांचा एक फॉर्म हातात आला. बायोडेटात असलेलीच सगळी माहिती त्यात पुन्हा भरायची होती. शिवाय वडिलांचा किंवा पतीचा व्यवसाय, आताचा पगार आणि मागील तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागितल्या होत्या. फॉर्म भरून दिल्यानंतर मी दुपारी पावणेदोनपर्यंत त्या खोलीत बसून होते. आणखी पाच उमेदवार होते आणि सगळ्यांना 11 हीच वेळ दिलेली होती.

मुलाखत दोघांनी घेतली. एकाने माझा बायोडेटा माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडला. दुसऱ्याने पंचवीस मिनिटांत चार फोन घेतले. मी पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाच्या तपासणीविषयी बोलू लागले, तेव्हा पहिले साहेब म्हणाले की ही जागा ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्यासाठी आहे. त्यावर दुसऱ्या साहेबांनी, नाही, आपल्याला इनकमिंगसाठीच, म्हणजे येणाऱ्या मालाच्या तपासणीसाठीच माणूस हवा आहे, असे सांगितले. त्या दोघांत त्यावर दोन-तीन मिनिटे चर्चा झाली आणि ती अर्धवटच राहिली. नंतर माझे लग्न झाले आहे का, केव्हा करणार आहात, घरच्यांना पाळीचे काम चालेल का, हे प्रश्न आले. भरती करताना स्त्रियांच्या बाबतीत भेदभाव करू नये, असे 1976 च्या समान वेतन कायद्यात स्पष्टपणे लिहिलेले होते (2019 च्या वेतन संहितेनेही ही मनाई कायम ठेवली आहे); तेव्हा मला हा कायदा ठाऊक नव्हता, पण त्या प्रश्नांचा माझ्या कामाशी संबंध नाही हे मात्र नक्की कळत होते. शेवटी प्लँट हेडची भेट व्हायची होती. ते सकाळीच बाहेरगावी गेले होते आणि ही गोष्ट दिवसभरात कोणीही आम्हाला सांगितली नव्हती.

तरीही आठ दिवसांनी फोन आला आणि मी होकार दिला. घराला त्या पगाराची गरज होती, आणि मोठ्या कारखान्यांत असा गोंधळ चालायचाच, अशी समजूत मी करून घेतली. फोनवर महिना 30,000 रुपये सांगितले गेले होते. पत्र येण्याआधीच राजीनामा देऊन टाका, नोटीस पिरियड कमी करून घ्या, असा आग्रह रोज होत होता. पत्र हातात आले तेव्हा 30,000 हा आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला माझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा होता. मूळ वेतन 15,000 रुपये, त्यावर भविष्य निर्वाह निधीत मालकाने भरायचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये, ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के म्हणजे सुमारे 720 रुपये, हे सगळे त्या 30,000 मध्येच धरलेले होते. माझ्या वाट्याचे 1,800 आणि व्यवसाय कर वजा जाता हातात साडेपंचवीस हजारांच्या आसपास रक्कम येणार होती. तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतरच मिळत असे. म्हणजे त्याआधी नोकरी सोडली तर माझ्या पगाराचा भाग म्हणून दरमहा दाखवलेले ते 720 रुपये मला कधीच मिळणार नव्हते. यात बेकायदेशीर काही नव्हते. पण फोनवर बोलणाऱ्या माणसाला हातात येणारी रक्कम आणि सीटीसी यांतला फरक माहीत होता, आणि त्याने तो सांगितला नाही.

मी तिथे 22 महिने होते. त्या काळात जे जे घडले, त्याची आठवण काढताना प्रत्येक वेळी मला ती जूनमधली दुपार दिसते. गेटवर माझे नाव नव्हते, तसेच मालाच्या गाड्या कोणतीही पूर्वसूचना नसताना येत आणि तपासणीची जागा भरलेली असल्यामुळे रस्त्यावर उभ्या राहत. जागा इनकमिंगची की तक्रारींची, हा वाद त्या दोन साहेबांमध्ये मी रुजू झाल्यानंतरही मिटला नाही. मी सकाळी एकासाठी आणि दुपारी दुसऱ्यासाठी काम करत होते, आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात दोघांनीही माझी निम्मीच कामगिरी पाहिलेली होती. सहा उमेदवारांना 11 हीच वेळ देणाऱ्या विभागाने दिवाळीच्या सुट्टीचे वेळापत्रकही असेच लावले होते. प्लँट हेड न सांगता गेले होते, तसे निर्णयही न सांगताच बदलत. पंचवीस मिनिटांत चार फोन घेणारे साहेब मनाने वाईट नव्हते, त्यांच्याकडे तीन माणसांचे काम होते आणि हे त्यांनी स्वतःच मला नंतर एकदा सांगितले. मुलाखतीतच मी त्या फोनांकडे नीट लक्ष दिले असते तर इथे माणसे कमी आहेत आणि ती भरली जात नाहीत, एवढे तरी मला कळले असते.

आमच्या क्षेत्रात ग्राहकाचे किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे ऑडिट सहसा आधी कळवून होते. तेव्हा आयएसओ/टीएस 16949 हे वाहन उद्योगातले गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक होते, 2016 पासून त्याची जागा आयएटीएफ 16949 ने घेतली. ऑडिटच्या आधी कारखाना झाडूनपुसून ठेवला जातो, रजिस्टरे पूर्ण केली जातात, जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने मारले जातात. तरीही त्या दिवशी जे अस्ताव्यस्त सापडते, ते अनुभवी ऑडिटर फार गंभीरपणे घेतो, कारण तयारीला वेळ मिळूनही जे सुधारले नाही ते एरवी याहून बिकट असणार हे त्याला ठाऊक असते. मुलाखतीचेही तसेच आहे. दिवस कंपनीने ठरवलेला असतो, वेळ तिने दिलेली असते, समोर येणाऱ्या माणसाने आपल्याकडे यावे अशी तिची इच्छा असते. कर्मचाऱ्याशी कंपनी जितके चांगले वागू शकते, त्यातला पुष्कळसा चांगुलपणा त्या दिवशी खर्च होत असतो. म्हणून त्या दिवशीचा निष्काळजीपणा हा मी अपवाद मानत नाही.

मात्र एका दिवसावरून कोणाला दोषी ठरवताना जपून बोलले पाहिजे, आणि हेही मला क्वालिटीच्या कामानेच शिकवले. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये कंट्रोल चार्टची, म्हणजे प्रक्रियेतले चढउतार दाखवणाऱ्या आलेखाची कल्पना मांडली तेव्हा त्यामागचा मुख्य विचार हाच होता, की उत्पादनातला प्रत्येक चढउतार एकाच जातीचा नसतो. काही फरक प्रक्रियेच्या घडणीतच असतात आणि रोज थोडेथोडे दिसत राहतात. काही फरक एखाद्या वेगळ्या, शोधून काढता येणाऱ्या कारणामुळे त्या दिवसापुरते उद्भवतात. पुढे गुणवत्ता व्यवस्थापनाचे अभ्यासक डेमिंग यांनी यांना सामान्य कारणे आणि विशेष कारणे असे म्हटले. विस्कळीत मुलाखत यांपैकी कोणत्या कारणाने विस्कळीत झाली, हे उमेदवाराने पाहायला हवे.

2013 मध्ये मी रांजणगावच्या एका कारखान्यात मुलाखतीला गेले तेव्हा हा फरक मला प्रत्यक्ष दिसला. तिथेही वेळ पाळली गेली नाही, उलट चाकणपेक्षा जास्त उशीर झाला. पण गेटवर माझे नाव होते, आणि पास लिहून होताच एचआरच्या मॅडम स्वतः बाहेर आल्या. त्यांनी सांगितले की आपल्या एका भागामुळे ग्राहकाची उत्पादनाची लाइन थांबली आहे, ज्यांनी मुलाखत घ्यायची ते क्वालिटीचे प्रमुख पहाटेच तिकडे गेले आहेत, ते दोनच्या आधी येणार नाहीत. तुम्हाला थांबायचे असेल तर कॅन्टीनमध्ये जेवण करा आणि शॉप फ्लोअर पाहून घ्या, दुसऱ्या दिवशी यायचे असेल तर दोन्ही वेळचे प्रवासभाडे आम्ही देऊ. मी थांबले. क्वालिटीचे प्रमुख अडीचला आले, ते थकलेले दिसत होते, आणि आल्या आल्या त्यांनी त्या थांबलेल्या लाइनचीच हकिगत मला सांगितली: कोणता भाग, कोणते माप चुकले, तपासणीतून तो कसा निसटला. मग मला विचारले की तुम्ही असत्या तर पहिल्या तासात काय केले असते. तासभर आम्ही त्यावरच बोललो. माझ्या बायोडेटावर त्यांनी पेन्सिलने आधीच खुणा करून ठेवलेल्या होत्या.

मी आजही तिथेच आहे. त्या कारखान्यात उणिवा नाहीत असे नाही, पण वाईट बातमी दडवून ठेवायची नाही, ही रीत मला पहिल्या दिवशी गेटवर दिसली होती आणि ती खरी निघाली.

आता गेली काही वर्षे मी मुलाखती घेण्याच्या बाजूला बसते, आणि या बाजूने पाहिल्यावर एक गोष्ट जास्त प्रकर्षाने जाणवते. मुलाखत हे मोजमापाचे साधन आहे. व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर ही मापे घेण्याची साधने वापरण्याआधी आम्ही त्यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे ती बरोबर माप दाखवतात का हे तपासतो, दोन माणसांनी एकच भाग मोजला तर आकडा तोच येतो का हे पाहतो. माणूस निवडताना मात्र एका उमेदवाराला एक प्रश्न, दुसऱ्याला वेगळाच, आणि नोंद कुठेच नाही, असे सर्रास चालते. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये निवडीच्या पद्धतींवरील 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतींचा नंतरच्या कामगिरीशी असलेला सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण संबंध) 0.51 निघाला होता आणि मनाला येईल तशा घेतलेल्या मुलाखतींचा 0.38. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये ही आकडेमोड सुधारून मांडली. त्यात पहिला आकडा 0.42 वर आला आणि दुसरा थेट 0.19 वर घसरला.

उमेदवाराने या आकड्यांकडे आपल्या बाजूने पाहावे असे मला वाटते. बायोडेटा न वाचता, जागा कशासाठी आहे हे न ठरवता तुमची मुलाखत घेतली जात असेल, तर त्या कंपनीतले तुमचे भावी सहकारी आणि तुमचा भावी वरिष्ठही त्याच दारातून आत आलेले आहेत. चाकणला माझ्या शेजारच्या टेबलावर एक अतिशय हुशार मुलगा होता आणि त्याच्या पलीकडे ड्रॉइंग वाचता न येणारा एक इंजिनिअर होता. दोघांनाही तीच दोन माणसे, तशाच घाईत, भेटली होती. हुशार मुलगा माझ्या आधी सोडून गेला, आणि त्याचे काम इंजिनिअरकडे न जाता माझ्याकडे आले.

ज्यांना नोकरीची निकड आहे त्यांना हे सगळे दिसूनही होकार द्यावा लागतो, मलाही द्यावा लागला होता, आणि त्यासाठी कोणी स्वतःला कमी लेखू नये. पण होकार देताना निदान तीन गोष्टी तरी विचारून घ्याव्यात: ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेले म्हणून रिकामी झाली, मी रोजचा अहवाल कोणा एका व्यक्तीला देणार, आणि सांगितलेल्या आकड्यापैकी दरमहा बँकेत किती जमा होणार. मी 2011 मध्ये यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. उत्तर काय मिळते याइतकेच, उत्तर देताना समोरची दोन माणसे एकमेकांकडे पाहतात का, हेही बघण्यासारखे असते.

मुलाखतीच्या दिवशी मी आता सकाळी आधी गेटवर जाऊन यादी पाहून येते. प्रत्येकाला आम्ही वेगळी वेळ देतो. लग्नाचा प्रश्न आमच्या खोलीत विचारला जात नाही, आणि सुरुवातीला एकदा एका सहकाऱ्याने तो विचारला तेव्हा मी त्यांना तिथेच थांबवले होते. एक गोष्ट अजून साधलेली नाही. ज्यांची निवड होत नाही त्यांना आमच्याकडून काहीच कळवले जात नाही. एचआरचे म्हणणे असे, की निवडलेला माणूस रुजू होईपर्यंत बाकीच्यांना नाही म्हणता येत नाही, आणि तो रुजू होईपर्यंत दोन-तीन महिने उलटून ते सगळे विसरले जाते. मागच्या भरतीतल्या अकरा उमेदवारांना शेवटी मीच एका शनिवारी फोन केले. बहुतेकांनी आभार मानून फोन ठेवला. एकाने मात्र आपण नेमके कशात कमी पडलो हे विचारले, आणि त्याला खरे उत्तर देता यावे म्हणून त्या दिवशीच्या नोंदींची वही काढून मी त्याला पुन्हा फोन केला.