मामांच्या कारखान्यासाठी मिनी-आयटीएक्स: बोर्ड बसवण्यापासून बायोसपर्यंत

शनिवार, संध्याकाळ

मामांच्या कारखान्यासाठी लहान संगणक बांधतेय, त्याचा मदरबोर्ड आला. सोलापूरच्या नवी पेठेत दोन दुकानांत विचारून झालं होतं. मायक्रो-एटीएक्स हा मधल्या मापाचा बोर्ड हवा तेवढा मिळतो, पण त्याहून लहान मिनी-आयटीएक्स म्हटलं की "मागवून देऊ" असंच उत्तर येतं. म्हणून शेवटी ऑनलाइनच मागवला. बी५५० चिपसेट (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप), एएमडीच्या प्रोसेसरसाठीचं एएम४ सॉकेट, १७ सेंटीमीटर बाय १७ सेंटीमीटर. मामांनी खोक्यातून काढलेला बोर्ड बघितला आणि म्हणाले, "एवढंच? आपला नॅपकिन घडी घातला तरी याच्यापेक्षा मोठा होतो गं."

थोडी पार्श्वभूमी सांगते. मामांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे. मागांच्या शेडला लागूनच प्लायवुडचं पार्टिशन घालून डिझाइनची खोली केलीय. मास्तर तिथं बसून जकार्डचं (मागावर विणायच्या नक्षीचं) डिझाइन संगणकावर उतरवतात. आधीचा टॉवर टेबलाखाली जमिनीवर होता. मार्चमध्ये तो बंद पडला तेव्हा मी उघडला, तर प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरची धातूची पाती दिसतच नव्हती. पंखा आणि पाती यांच्यामध्ये कापसाच्या लवेची जाड गादी बसली होती, अगदी वाकळीत भरावी तशी. पॉवर सप्लायची गत त्याहून वाईट. तेव्हाच ठरवलं की नवं मशीन लहान करायचं, जमिनीवरून उचलून भिंतीच्या फळीवर ठेवायचं आणि हवा आत जाईल ती फक्त जाळीतून. साधारण ९ लिटरची केस घेतली, त्यात एसएफएक्स, म्हणजे लहान मापाचा, पॉवर सप्लाय.

ग्राफिक्स कार्ड नाही. माझ्या जुन्या मशीनमधला रायझन ५ ५६००जी प्रोसेसर यात जाणार आहे. सहा कोर, ग्राफिक्स आतच. मास्तरांच्या कामाला तेवढं पुष्कळ.

रविवार, सकाळ

आज फक्त जुन्या मशीनमधून प्रोसेसर काढला. हे काम मी मुद्दाम वेगळं ठेवलं, कारण एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, सॉकेटमध्ये नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून घट्ट झालेली असली की कूलर सरळ वर ओढताच प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. सॉकेटचा खटका बंद असला तरी येतो. मग पिना वाकतात.

मी काय केलं: मशीन दहा मिनिटं कामाला लावून गरम केलं, बंद केलं, वायर काढली, चारही स्क्रू सोडवले आणि कूलर वर न उचलता आधी डावी-उजवीकडे हळूहळू फिरवला. दोन-तीन वेळा फिरवल्यावर पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळलं. मगच उचलला. प्रोसेसर जागच्या जागी राहिला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कॉफी गाळायच्या कागदानं पुसली. घरात सुती कपड्यांना काय तोटा, पण सुती फडक्याचे तंतू मागे राहतात म्हणून ते टाळलं.

रविवार, दुपार

आता मुख्य प्रश्न. बी५५० चे बोर्ड २०२० पासून बाजारात आहेत, ५६००जी आला २०२१ मध्ये. म्हणजे बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याच्या बायोसला (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डातच साठवलेल्या प्रणालीला) हा प्रोसेसर माहीतच नसणार. बोर्डावरच्या लहानशा स्टिकरवर बायोसच्या आवृत्तीचा आकडा असतो. तो उत्पादकाच्या सुसंगत प्रोसेसरांच्या यादीशी ताडून पाहिला. माझी आवृत्ती मागची निघाली. तसंच बसवलं असतं तर पंखे फिरले असते, पडदा काळाच राहिला असता आणि मी संध्याकाळभर रॅमला दोष देत बसले असते.

सुदैवानं या बोर्डाला मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे. ते असलं की प्रोसेसर, रॅम काहीही न लावता बायोस बदलता येतं. बोर्ड घेतानाच मी हे बटण बघून घेतलं होतं, आणि जुन्या प्रोसेसरवर लहान बोर्ड बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन: शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, हे बटण असलेलाच बोर्ड घ्या. नाहीतर फक्त बायोससाठी कुणाकडून तरी जुना प्रोसेसर उसना आणावा लागतो.

कृती अशी. पेनड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीनं फॉरमॅट केला. बायोसची फाइल उतरवून, मॅन्युअलमध्ये दिलेलं नेमकं नाव तिला दिलं. एक अक्षर चुकलं तरी बोर्ड फाइल ओळखत नाही. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, खोकं आजीच्या पूजेच्या पाटावर. २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर जोडली. पेनड्राइव्ह त्याच ठरावीक यूएसबी पोर्टमध्ये, ज्याच्याभोवती चौकट छापलेली असते.

आणि बटण दाबण्याआधी थांबले. आमच्या भागात एप्रिलमध्ये दुपारी वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धवट लिहिलेलं बायोस म्हणजे निकामी बोर्ड. फ्लॅशबॅक असलेला बोर्ड पुन्हा लिहून सावरता येतो हे खरं, पण मुद्दाम ती वेळ का आणायची? घरातला यूपीएस टीव्हीचा आहे. टीव्ही बंद करून तो काढला, चार्ज पूर्ण आहे ना हे पाहिलं आणि पॉवर सप्लाय त्यावर लावला. आई म्हणाली, "मॅच चालू होती बाबांची." बाबांनी मात्र काही न बोलता यूपीएस उचलून आणून दिला.

बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला. पाच-सहा मिनिटं तो आधी हळू, मग भराभर लुकलुकत राहिला आणि विझला. त्या वेळात मी कशालाही हात लावला नाही.

सोमवार, रात्री

बोर्ड केसमध्ये घालण्याआधी जितकं बसवता येईल तितकं बाहेरच बसवलं. मोठ्या टॉवरमध्ये बोर्ड आधी स्क्रूनं घट्ट करून मग बाकीचं लावलं तरी चालतं, हात जातो. इथं जात नाही. प्रोसेसरची ८ पिनची जागा केसच्या वरच्या कडेपासून बोटभर अंतरावर आहे आणि कूलर बसला की तिच्यापर्यंत पोचायला चिमटाच लागतो.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला, अलगद सोडला, दाब न देता तो आपोआप बसला, खटका खाली.

एसएसडी (माहिती साठवायची डिस्क): बोर्डाच्या समोरच्या बाजूला, एम.२ म्हणजे पट्टीसारखी एसएसडी बसवायच्या जागेत. ५६००जी एसएसडीला पीसीआयई जोडणीची ३.० आवृत्तीच देतो, वेगवान ४.० नाही, त्यामुळे ४.० ची महाग एसएसडी घेण्यात अर्थ नव्हता, ३.० ची घेतली. साधारण तीस अंशांच्या कलानं सरकवायची, मग खाली दाबून स्क्रू. वरच्या उष्णताशोषक पट्टीखालच्या पॅडची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरू नका. ती निळी असते आणि पॅडही निळसरच, त्यामुळे नजर फसते. दुसरी एम.२ जागा बोर्डाच्या पाठीला आहे. तिथं हवा जवळजवळ फिरतच नाही, म्हणून मी ती रिकामी ठेवली. पण कुणाला भरायची असेल तर आत्ताच भरा, नंतर सगळा बोर्ड उचकटावा लागेल.

कूलर प्रोसेसरसोबत आलेला व्रेथ स्टेल्थ, उंची ५४ मिलिमीटर. याला बोर्डावरच्या काळ्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. त्या काढल्या की मागची धातूची प्लेट सैल होऊन खाली पडते, कारण तिला पट्ट्यांनीच धरलेलं असतं. एका हातानं ती मागून धरून, दुसऱ्या हातानं स्क्रू. इथं मामेभाऊ कामाला आला. चार स्क्रू कोपऱ्या-कोपऱ्यांत, कर्णरेषेत समोरासमोरचे, प्रत्येक वेळी दोन-दोन फेरे. एकच कोपरा आधी आवळला तर दाब तिरका पडतो.

हा कूलर हवा खाली बोर्डावर फेकतो. उंच टॉवर कूलरपेक्षा तो कमकुवत खरा, पण सॉकेटशेजारचे वीज नियंत्रित करणारे भाग त्या हवेनं थंड राहतात, आणि बंदिस्त लहान केसमध्ये त्याचं मोल आहे.

मंगळवार

बोर्ड केसमध्ये गेला. चार पितळी टेकू, चार स्क्रू, त्याआधी मागच्या पोर्टांभोवतीची आय/ओ पट्टी. पट्टीच्या आतल्या पत्र्याच्या जिभा नेटवर्क पोर्टमध्ये वाकून शिरत नाहीत ना, हे टॉर्च लावून पाहिलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो समोरच्या यूएसबी ३ च्या वायरनं. तिचा कनेक्टर उंच, वायर जाड आणि ताठ, आणि जोडायची जागा बरोबर रॅमच्या कडेला. वायर जबरदस्तीनं वाकवली तर पिना वाकतात. शेवटी पॉवर सप्लाय परत बाहेर काढला, वायर खालून वळवून आणली आणि मगच ती सरळ उभी बसली. अर्धा तास गेला, पण ताण राहिला नाही.

पॉवर सप्लायच्या फक्त दोन वायरी आत आहेत: २४ पिन आणि ८ पिन. मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) असल्यानं बाकीच्या खोक्यातच राहिल्या.

पहिल्यांदा चालू केलं. पंखे फिरले, बोर्डावरचा रॅमचा दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. बायोस नवीन लिहिल्यावर पहिल्या वेळी बोर्ड रॅमची जुळवाजुळव करायला वेळ घेतो, हे माहीत असल्यानं तीन मिनिटं वाट पाहिली. दिवा तसाच. बंद करून वायर काढली. या बोर्डावर रॅमच्या जागांना एकाच बाजूला खटका आहे, दुसरं टोक नुसतं खोबणीत जातं. खटक्याच्या बाजूनं 'टक्' वाजलं होतं म्हणून मी समाधान मानलं होतं. दुसरं टोक मात्र जेमतेम एक मिलिमीटर वर राहिलं होतं. दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबलं. पुन्हा चालू. दिवा विझला, पडदा उजळला.

पडद्यावर आलं की नवा प्रोसेसर लागलाय, एफटीपीएमची (प्रोसेसरमधल्या सुरक्षा विभागाची) जुनी माहिती पुसू का? डिस्क कोरी होती म्हणून 'वाय' दाबलं. जुनी, विंडोजच्या बिटलॉकरनं कुलूपबंद केलेली डिस्क लावली असेल तर इथं थांबा आणि आधी तिची 'रिकव्हरी की' (ती उघडायचा आकडा) हाताशी आहे का ते बघा.

बुधवार, कारखान्यात

मशीन फळीवर ठेवलं आणि बायोस तिथंच, त्या खोलीत बसून जुळवलं. घरी पंख्याखाली जुळवलेलं इथं चालत नाही. दुपारी दोन वाजता खोलीतला थर्मामीटर ३९ दाखवत होता.

एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगानं चालवणारी जुळणी, चालू केलं. रॅम आपसूक २४०० वर आली होती, ती ३२०० वर गेली. ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या होत्या त्या याचसाठी, कारण आतलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं आणि एकच पट्टी असली तर ते अर्ध्या वाटेवर अडतं. ग्राफिक्ससाठी २ जीबी राखून ठेवली. सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू व्हायची सोय) बंद, एफटीपीएम चालू, सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू, म्हणजे विंडोज ११ कुरकुर करणार नाही. नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन गेले होते. तो नसता तर विंडोज इन्स्टॉल होताना "इंटरनेट जोडा" इथं अडकून पडलं असतं.

मग तापमान. सगळे कोर कामाला लावले तर प्रोसेसर ९२ अंशांवर गेला. त्याची मर्यादा ९५. खोलीच ३९ वर असताना हे अपेक्षितच होतं. ५६००जीला ६५ वॅटऐवजी ४५ वॅटवर बांधता येतं, एएमडीनंच ती सोय ठेवलीय. बायोसमध्ये सीटीडीपी, म्हणजे ही वॅटची मर्यादा, ४५ केली. तोच भार, तेवढाच वेळ: ७६. डिझाइन उघडायला लागणाऱ्या वेळात मास्तरांना काही फरक जाणवला नाही. मी दोनदा विचारलं, ते म्हणाले, "ताई, आवाज कमी झाला, तेवढं कळलं."

पंख्यांचं गणित मी लवेसाठी मांडलंय. आत हवा घेणारे दोन पंखे, दोघांपुढे बारीक नायलॉन जाळी. बाहेर टाकणारा एकच, आणि तोही हळू. आत जाणारी हवा बाहेर पडणाऱ्या हवेपेक्षा जास्त राहिली की केसच्या फटींतून हवा बाहेरच येते, लव घेऊन आत शिरत नाही. तापमान क्षणभर वर-खाली झालं की पंखे लगेच सूं-सूं करतात, तेही नको होतं. म्हणून वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायची वेळ वाढवली.

शेवटची एक जुळणी मामांशी बोलून केली. वीज गेल्यावर परत आली की मशीननं आपोआप चालू व्हावं की बंदच राहावं? मला आधी 'चालू' बरं वाटलं होतं. मामा म्हणाले, "लाइट आली की सगळे माग एकदम सुरू होतात. तेव्हा बल्बसुद्धा दबतो." मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, त्यामुळे ती पहिली काही मिनिटं विजेचा दाब खालीवर होतो. म्हणून 'बंदच राहू दे' असं ठेवलं. यूपीएस आहेच, शिवाय मशीन कधी चालू करायचं ते मास्तर ठरवतील. त्याआधी भिंतीवरच्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतलं. जुन्या सॉकेटला अर्थची वायर नुसती पोचली होती, जोडलेलीच नव्हती.

पुढचा बुधवार

आठवड्यानं जाळी काढली. समोरच्या जाळीवर गुलाबी लवेचा थर, कारण या आठवड्यात मागांवर गुलाबी टॉवेल होते. ब्रशनं झटकली, निघाली. झाकण उघडून टॉर्च मारला: कूलरच्या पात्यांवर बोट फिरवून काही लागलं नाही. पॉवर सप्लायच्या जाळीवर मात्र बारीक लव दिसली, कारण तो आपली हवा बाजूनं, वेगळी घेतो आणि तिथं मी जाळी लावली नव्हती. चुंबकी पट्टीची आणखी एक जाळी मागवलीय. ती आली की मापं आणि वर्षभर टिकते का ते इथं लिहीन.