तेरा भाग, पाच तबकड्या : आमची वाटचाल

नाशिकच्या शालिमार परिसरात १९८६ साली माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, व्हिडिओ लायब्ररी सुरू केली. लोक शनिवारी संध्याकाळी व्हीसीआर आणि दोन-तीन कॅसेट भाड्याने नेत आणि सोमवारी सकाळी परत आणून देत. चित्रपट हवे तेवढे मिळत. परंतु दूरदर्शनवर होऊन गेलेली एखादी मालिका कोणी मागितली, तर अण्णांना नाही म्हणावे लागे. अशी प्रत्येक मागणी ते हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवीत. लायब्ररीचे दिवस सरले आणि २००३ साली आम्ही मराठी मालिका व्हीसीडीवर, म्हणजे व्हिडिओच्या तबकड्यांवर, स्वतः प्रकाशित करण्याचे ठरवले, तेव्हा आमच्या हातात बाजारपेठेचा अभ्यास म्हणून ते एक पान होते.

पहिली मालिका तेरा भागांची होती. दूरदर्शनवर मालिका तेरा-तेरा भागांच्या हिशेबाने मंजूर होत आणि जाहिराती वगळल्या तर एक भाग साधारण २३ मिनिटांचा भरे. व्हीसीडीवर ७४ मिनिटे बसतात, म्हणजे एका तबकडीवर तीन भाग. बारा भागांच्या चार तबकड्या झाल्या आणि एकट्या तेराव्या भागासाठी पाचवी काढावी लागली. दुकानदार विचारत, ‘वहिनी, अख्खा पिक्चर दोन तबकड्यांत येतो, मग हे पाच तबकड्यांचं खोकं मी कुणाच्या गळ्यात घालू?’ त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मालिका हे आठवड्याला थोडे थोडे पाहण्याचे माध्यम आहे. ती एकरकमी विकत घ्यायची म्हटले की किमतीचा आकडा गिऱ्हाईकाच्या अंगावर येतो.

मूळ टेपा हा दुसरा घोर. निर्मात्यांच्या घरच्या माळ्यावरून आम्हाला जे मिळाले, त्यात काही भाग यू-मॅटिकवर आणि काही बीटाकॅम एसपीवर, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओ टेपेच्या दोन वेगवेगळ्या प्रकारांवर, होते. खोक्यावरचा क्रमांक आणि आतला भाग यांचा मेळ नव्हता. पावसाळ्यातील दमटपणाने जुन्या टेपेवर बुरशी येते. शिवाय चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ ओलावा शोषून चिकट होतो, आणि तशी टेप थेट यंत्रात घातली तर थर खरवडून निघतो. ती आधी सुमारे ५० अंश सेल्सिअसच्या स्थिर उष्णतेत कित्येक तास सुकवावी लागते, आणि त्यानंतर मिळणाऱ्या थोड्या मुदतीत प्रत उतरवून घ्यावी लागते. हे तंत्र माझे पती मुंबईला पंचवटी एक्सप्रेसने ये-जा करून शिकले. नववा भाग मात्र कुठेच सापडला नाही. शेवटी तो एका प्रेक्षकाने घरी व्हीएचएसवर, म्हणजे व्हीसीआरच्या साध्या कॅसेटवर, केलेल्या ध्वनिचित्रमुद्रणावरून घेतला. बीटाकॅम एसपीवर आडव्या दिशेने साधारण ३४० रेषांचा तपशील असतो, तर व्हीएचएसवर जेमतेम २४०; त्यात पडद्यावर वरपासून खालपर्यंत दिसणाऱ्या ५७६ ओळींपैकी व्हीसीडी २८८च ठेवते. नवव्या भागाचे चित्र पुसट का आहे, याचा खुलासा आम्ही वेष्टनावर छापला. एकाही ग्राहकाने त्याबद्दल तक्रार केली नाही.

तरीही आमची खरी दमछाक झाली ती परवानग्यांच्या कागदांनी. त्या काळच्या करारांत ‘प्रक्षेपणाचे हक्क’ एवढाच शब्द असे, कारण मालिका एक दिवस दुकानात विकली जाईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. ज्या कादंबरीवर मालिका बेतली तिचे लेखक, पटकथा लिहिणारे, शीर्षकगीताचे कवी, संगीतकार, गायिका अशा प्रत्येकाकडे, आणि जे हयात नव्हते त्यांच्या वारसांकडे, नव्याने जावे लागले. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतो. आणि वारस तिघे असतील तर सह्याही तिघांच्याच लागतात.

पुण्याला पटकथालेखकांच्या पत्नींकडे मी गेले, तो दिवस मला विसरता येत नाही. मी मानधनाचा आकडा सांगू लागताच त्यांनी मला थांबवले. ‘अहो ताई, पैशांचं आपण नंतर बोलू. यांचं नाव तेवढं पाटीवर येईल ना? टीव्हीवर शेवटची नावं फार भरभर जायची हो, आम्हाला कधी धड वाचताच आली नाहीत.’ परत आल्यावर आम्ही श्रेयनामावली नव्याने लिहून घेतली आणि प्रत्येक नाव वाचून होईल इतका वेळ पडद्यावर ठेवले. माझ्या मते आमच्या सगळ्या कामात याहून महत्त्वाचे दुसरे काही नव्हते.

संगीताने आणखी एक पेच टाकला. सहाव्या भागात वरात निघते आणि बँडवाले एका गाजलेल्या हिंदी चित्रपटगीताची चाल वाजवतात. विक्रीसाठी त्या चालीची परवानगी घ्यायची तर आमच्या एकूण खर्चाचा मोठा हिस्सा त्या चाळीस सेकंदांवर गेला असता. संगीत काढून टाकावे, तर टेपेवर संवाद आणि बँड एकाच ध्वनिपट्टीत मिसळलेले होते. मग रविवार कारंज्याजवळच्या एका बँड पथकाकडून आम्ही पारंपरिक चाल वाजवून घेतली आणि वधूपित्याचे तीन संवाद दुसऱ्या नटाच्या आवाजात भरले, कारण मूळ नट तोवर निवर्तले होते. जाणकार कानाला तो सांधा आजही कळतो. हा प्रश्न जगभरच्या प्रकाशकांना पडला आहे. अमेरिकेतील ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही मालिका रेडिओ केंद्रावर घडते. २००७ साली तिचा पहिला हंगाम डीव्हीडीवर आला, तेव्हा त्यातील अनेक मूळ गाणी बदललेली होती. ‘द वंडर इयर्स’ १९९३ साली संपली आणि तिचा पूर्ण संच डीव्हीडीवर यायला २०१४ साल उजाडले.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२-अ नुसार तबकडीवर आणि वेष्टनावर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि आवश्यक तेथे सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत लागते. ते सोपस्कार आम्ही वेळेत पुरे केले.

२००७ साली एका मोठ्या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. ग्राहकाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. आमच्या पाच तबकड्यांचा संच मात्र त्या शेजारी चैनीची वस्तू दिसू लागला. आम्ही डीव्हीडीकडे वळलो. साध्या डीव्हीडीवर साधारण दोन तास चांगल्या दर्जाने बसतात, त्यामुळे तेच तेरा भाग तीन तबकड्यांत आले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००८ मध्ये, गोदावरीला महापूर आला आणि भांडी बाजारातील आमच्या तळमजल्यावरच्या गोदामात पाणी शिरले. तबकड्या धुऊन वाचल्या, पण छापील वेष्टने आणि खोकी यांचा लगदा झाला. घरातील सगळ्यांनी मिळून दोन दिवस अंगणात दोरीवर तबकड्या वाळत घातल्या होत्या. मास्टर टेपा गंगापूर रोडवरच्या घरी होत्या, एवढे आमचे नशीब.

कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीचे मी मनापासून स्वागत केले, जरी तिने आमचे काम वाढवले. करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा हक्क, स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, दिला गेला असे आता मानले जात नाही. आणि गीतकार-संगीतकारांना मिळणारा स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) समान वाटा त्यांना सोडून द्यायला लावता येत नाही. पुण्याच्या त्या बैठकीनंतर मला यात अन्याय्य असे काही वाटले नाही.

तबकड्यांची विक्री आता जवळपास थांबली आहे. आज आम्ही निर्मात्यांच्या जुन्या टेपा डिजिटल रूपात उतरवून देतो आणि त्यांचे हक्कांचे कागद लावून देतो, कारण इंटरनेटवर मालिका दाखवायची तरी त्याच सह्या लागतात. सध्या सव्वीस भागांची एक मालिका हाती आहे. तिचे चोवीस भाग उतरवून झाले असून पंचविसावा सुकवणीत आहे. सव्विसाव्याच्या खोक्यात भलत्याच कार्यक्रमाची टेप निघाली, म्हणून निर्मात्यांचे चिरंजीव येत्या रविवारी पुन्हा माळा तपासणार आहेत.