उजवा हात वाजवतोय, डाव्याचं काय?

पेटी वाजवणाऱ्या माणसासमोर मिडी कीबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधले आवाज वाजवणारा कीबोर्ड, ठेवला की दोन मिनिटांत तो म्हणतो, आवाज चांगलाय पण जीव नाही. मग सगळे मिळून सॅम्पलला, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवलेल्या पेटीच्या आवाजाला, शिव्या घालतात, अशा आवाजांची दुसरी लायब्ररी डाउनलोड होते, ती पण तशीच वाटते, मग कोणीतरी म्हणतं ऑडिओ इंटरफेस बदलून बघ. अरे पण दोष तिथे नाहीचे. ह्या माणसाचा डावा हात आयुष्यभर भात्यावर होता आणि इथे तो मांडीवर पडलाय, नाहीतर माउसवर.

त्यामुळे घरच्या सेटअपसाठी कोणता कंट्रोलर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं संगीत हातानं चालवायचं यंत्र, घेऊ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, डाव्या हाताला काय देणारेस? बोटानं मारायचे पॅड किती, लाइट किती, सोबत कुठलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे सगळं नंतर बघू.

पेटीचंच घ्या. खरी पेटी पट्टी जोरात दाबली की अलगद, ह्यात फरक करत नाही, जे काय लहानमोठं होतं ते भात्यावर. मिडी कीबोर्ड मात्र प्रत्येक पट्टीबरोबर किती वेगानं दाबली त्याचा १ ते १२७ मधला आकडा पाठवतो, म्हणजे व्हेलॉसिटी. पियानोला ते हवंच. पेटीत त्यामुळे होतं काय की तान घेतली की करंगळीचा सूर बारीक आणि मधल्या बोटाचा अंगावर येतो, ऐकायला अगदी विचित्र. म्हणून पहिलं काम, व्हेलॉसिटी फिक्स करून टाका, ९०-१०० च्या आसपास कुठेही. आणि आवाजाचा चढउतार द्या सीसी ११ ला, म्हणजे एक्स्प्रेशनला (सीसी म्हणजे कंट्रोलर पाठवतो तो नंबर दिलेला मिडी संदेश), आणि तो सीसी ११ एका फेडरवर, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या खुंटीवर, डाव्या हाताखाली. आता सूर धरा, फेडर हळू वर न्या, ओळ संपताना खाली आणा. बास, तो जीव नाही म्हणणारा माणूस गप्प होतो.

इथे एक बारीक गोष्ट. भात्यात हवा साठलेली असते त्यामुळे खऱ्या पेटीचा आवाज एकदम पडत नाही, फेडरला असलं काही नसतं, खाली ओढला की मेला. म्हणून ओळ चालू असताना फेडर साधारण ५० ते ११० च्या मधेच खेळवायचा, शून्याला नेलात की लगेच कळतं की हे कॉम्प्युटरचं आहे. आणि सीसी ७ वापरू नका ह्यासाठी. आवाज त्यानंही कमीजास्त होतो, पण ते त्या चॅनेलचं मेन व्हॉल्यूम आहे, मिक्सचा बॅलन्स तिथे ठरतो. सीसी ११ त्या व्हॉल्यूमच्या आत काम करतो. दोन्ही एकाच फेडरवर टाकले की नंतर पेटी जरा मागे घ्या म्हटल्यावर अख्खं वाजवलेलं एक्स्प्रेशन विस्कटतं.

स्ट्रिंग्जला तर एक फेडर पुरतच नाही. बहुतेक ऑर्केस्ट्रा लायब्ररींमधे सीसी १ म्हणजे मॉड व्हील डायनॅमिक्सला जोडलेलं असतं, ते वर नेलं की नुसता आवाज वाढत नाही, हळू वाजवलेल्या रेकॉर्डिंगवरून जोरात वाजवलेल्या रेकॉर्डिंगवर जातं, आवाजाचा रंगच बदलतो. सीसी ११ फक्त लहानमोठं करतो. दोन फेडर शेजारी शेजारी, एकावर तर्जनी, एकावर मधलं बोट, आणि दोन्ही वेगवेगळे हलवायचे. रंग भरलेला पण आवाज मागे, असं काहीतरी त्यातून मिळतं. माउसनं हे दोन कर्व्ह वेगवेगळे काढता येतात, काढतात लोक, पण एक ऐकत दुसरं करणं माउसनं होत नाही, कारण माउस एका वेळी एकच गोष्ट धरतो. हार्डवेअर घ्यायचं माझ्या मते हे एकच खरं कारण आहे. बाकी दिसायला छान दिसतं हेही आहे म्हणा.

ह्यासाठी महागडं काही लागत नाही. कॉर्ग नॅनोकंट्रोल २ सारखं आठ फेडर, आठ नॉबचं छोटं यंत्र चालतं, फक्त त्याचे फेडर इवलेसे आहेत आणि बोट जरा हललं की आकडे पळतात. मिडीचा साधा सीसी ० ते १२७ एवढाच जातो, १९८३ मधे स्टँडर्ड आलं तेव्हापासून तसाच आहे, म्हणजे एकूण १२८ पायऱ्या. ६० मिलिमीटरच्या फेडरवर सुद्धा एक पायरी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी भरते, छोट्यावर तर विचारूच नका. परवडत असेल तर लांब फेडर घ्या, बाकी काहीही कमी असलं तरी चालेल. २०२० मधे मिडी २.० आलं, त्यात कंट्रोलरचं रिझोल्यूशन ३२ बिट आहे, पण आपल्याकडच्या टेबलांवर अजून जुनंच राज्य आहे आणि त्यात काही बिघडत नाही.

आता मींड. पिच बेंड व्हील १४ बिटचं असतं, १६३८४ पायऱ्या, तिथे बारकाईची अडचण नाही. अडचण रेंजची. बऱ्याच सिंथमधे डिफॉल्ट रेंज वरखाली दोन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर, काळ्या धरून) असते, त्यात सा वरून रे पर्यंत पोचाल, म पर्यंत कुठून जाणार. मग लोक रेंज थेट १२ करतात, की व्हील एवढंसं हललं तरी सूर भलतीकडे. मी ओळ बघून रेंज ठेवतो, सा ते म ची मींड असेल तर ५, सा ते प असेल तर ७, म्हणजे व्हील टोकाला टेकवलं की सूर बरोबर जागेवर जातो आणि कानावरचा अर्धा भार कमी होतो. बासरी, सारंगीच्या सॅम्पलला हे फार लागतं. पेटीला लावू नका, पेटीत मींड नसते आणि जाणकार लगेच पकडतात.

गायक बदलला की ट्रान्स्पोज, म्हणजे अख्खा कीबोर्ड वरखाली सरकवायचा. पांढरी एकमधे बोटं बसलेली असतील आणि गाणारा काळी दोन म्हणाला तर अधिक ३ सेमीटोन, संपला विषय. काही स्वस्त कीबोर्डवर सूर दाबलेला असताना ट्रान्स्पोज केलं तर तो सूर अडकून वाजतच राहतो, तेव्हा आधी हात उचला.

पॅडवर तबला वाजवणारे पण भेटतात. ना, तिन, तिट एवढं पॅडवर बरं निघतं. डग्ग्याचा घुमारा नाही निघत, कारण तो मनगट दाबून काढायचा असतो आणि पॅड नुसता मारला जातो. पॅडला आफ्टरटच असेल, म्हणजे मारल्यावर किती दाबलंय ते त्याला कळत असेल, तर तो पिचला जोडून बघा, मारून मग दाबायचं, दाबेल तसा सूर चढतो. अगदी खऱ्यासारखं नाही म्हणणार मी, पण लूप लावून मोकळं होण्यापेक्षा कितीतरी बरं.

मोटराइज्ड, म्हणजे आपोआप हलणाऱ्या, फेडरवाल्या मोठ्या यंत्रांचा एक घोळ सांगतो, कारण ह्यात भलेभले डोकं खाजवत बसतात. त्यातली बरीच यंत्रं मॅकी कंट्रोलची भाषा बोलतात. त्या भाषेत फेडर सीसी पाठवतच नाही, पिच बेंड पाठवतो, प्रत्येक फेडर वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे जास्त पायऱ्या मिळतात. आणि बटणं नोट पाठवतात. मग ट्रॅकचा इनपुट ऑल मिडी असा ठेवला असेल तर प्ले दाबलं की सिंथ एक सूर वाजवतो आणि फेडर हलवला की बासरी बेसूर. यंत्र बिघडलेलं नसतं. एबलटनमधे (हे आणि रीपर ही दोन्ही गाणं रेकॉर्ड करायची सॉफ्टवेअर) मिडी सेटिंगमधे त्या पोर्टचं ट्रॅक बंद करून रिमोट तेवढं चालू ठेवायचं, रीपरमधे ट्रॅकच्या इनपुटला ऑल ऐवजी फक्त आपला कीबोर्ड निवडायचा.

साध्या फेडरांचा त्रास वेगळा. प्रोजेक्ट उघडलं, स्क्रीनवर सीसी ११ आहे ९० ला, टेबलावरचा फेडर आहे तळाला, हात लावला की आवाज धाडकन पडतो. त्यासाठी टेकओव्हर नावाची सेटिंग असते, एबलटनमधे पिकअप किंवा व्हॅल्यू स्केलिंग, रीपरच्या लर्न खिडकीत, म्हणजे कुठला फेडर कशाला जोडायचा ते शिकवायच्या खिडकीत, सॉफ्ट टेकओव्हर. पिकअप आणि सॉफ्ट टेकओव्हरमधे फेडर त्या आकड्यावरून जाईपर्यंत तो धरत नाही, व्हॅल्यू स्केलिंगमधे आकडा हळूहळू फेडरला येऊन मिळतो. पण नीट लक्षात घ्या, हे प्लगिनचा (म्हणजे आवाज देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचा) पॅरामीटर लर्न करून जोडलात तरच. सीसी ११ सरळ मिडी म्हणून ट्रॅकवर रेकॉर्ड होत असेल तर टेकओव्हर मधे पडत नाही, रेकॉर्ड दाबायच्या आधी फेडर हातानंच जागेवर आणायचा. मी फेडरच्या बाजूला मास्किंग टेप लावून साधारण ९० कुठे येतं तिथे पेनानं रेघ मारलीये, दिसायला गावठी आहे पण काम होतं.

रीपरमधे लर्न काही केल्या पकडत नसेल तर प्रेफरन्सेसमधे त्या डिव्हाइसचं कंट्रोल मेसेजेसचं इनपुट चालू आहे का ते बघा, दर वेळी तेच निघतं. आणि विंडोजवाल्यांनो, कंट्रोलरच्या कंपनीचं एडिटर सॉफ्टवेअर मागे उघडं असेल तर आधी ते बंद करा. जुन्या ड्रायव्हरमधे एक पोर्ट एका वेळी एकाच सॉफ्टवेअरला मिळतो, ते आधी घेऊन बसलं तर तुमच्या डीएडब्ल्यूला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला, काही मिळत नाही आणि तुम्ही केबल बदलत बसता.

मिक्सिंगचं म्हणाल तर ते मी अजूनही माउसनंच करतो. ईक्यू, म्हणजे आवाजाचे खर्ज-तार पट्टे कमीजास्त करणं, बघत बघत ओढायला माउसच बरा, आठ नॉबवर कुठला नॉब कुठल्या बँडचा हे लक्षात ठेवण्यात निम्मा वेळ जातो, त्यात बँक, म्हणजे नॉबना नेमलेल्या कामांचा संच, बदलली की सगळंच फिरतं. अपवाद एकच, गाणाऱ्याचा ट्रॅक. तो ऑटोमेशन टचवर (फेडर हलेल तसा चढउतार नोंदला जातो) टाकून, स्क्रीन बंद करून, एका फेडरवर पूर्ण गाणं ऐकत ऐकत चालवायचा, शब्द गिळलाय तिथे वर, तार सप्तकात ओरडलाय तिथे खाली. मग वेडेवाकडे दोन-चार पॉइंट माउसनं सरळ केले तरी चालतात.