लाल गेल्यावरही लाल

पुण्यातल्या आमच्या नेत्रविभागात मागच्या महिन्यात आलेली एक केस अजून डोक्यातून जात नाही. चोवीस वर्षांचा मुलगा, दोन्ही डोळ्यांची नजर 6/6, म्हणजे पूर्ण. समोरून लाल बस गेली की मागे लाल पट्टा रेंगाळतो, पांढऱ्या भिंतीवर रंगीत ठिणग्या उडतात, दिव्यांभोवती वलयं दिसतात. आधी दोन ठिकाणी इशिहारा ही रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायची चाचणी करून ‘नॉर्मल’ लिहिलं होतं आणि कोरडेपणाचे थेंब दिले होते.

इशिहाराची पुस्तिका जन्मजात लाल-हिरव्या दोषासाठी आहे. नंतर जडलेला दोष बरेचदा निळ्या-पिवळ्यात असतो, तो त्या ठिपक्यांत सापडत नाही. सर्टिफिकेटपुरत्या चाचणीवर निदान उरकणं मला पटत नाही.

“लाल वस्तूवरून नजर काढल्यावर मागे काय उरतं, हिरवट की लालच?” 

“लालच, मॅडम.”

निरोगी डोळा लालकडे टक लावून थकला की उलट रंगाची, निळसर-हिरवी छाया उरते. इथे तोच रंग उरत होता. सोबतच्या भावाला बाहेर बसवल्यावर मुलगा बोलला: आठ महिन्यांपूर्वी दोनदा एलएसडीचा (भास घडवणाऱ्या अमली द्रव्याचा) कागद घेतला होता. पोलिसांच्या भीतीने लपवलं होतं, आणि आधी कुणी विचारलंही नव्हतं.

मग फार्न्सवर्थ-मन्सेल 100 ह्यू काढली: क्रमांक दिलेल्या रंगीत कॅप्स चार ट्रेंमध्ये रंगछटेच्या क्रमाने लावायची चाचणी. नाव शंभरचं, कॅप्स 85; पहिल्या ट्रेत 22, बाकी तिघांत 21. खोलीतली ट्यूबलाइट बंद करून 6500 केल्विनचा दिवा लावायचा, एक डोळा झाकायचा, ट्रेला साधारण दोन मिनिटं. रंगाच्या पृष्ठाला बोट लावू द्यायचं नाही. त्वचेच्या तेलाने रंग मळतो आणि पुढच्या प्रत्येक पेशंटचा निकाल बिघडतो. आमच्याकडे हे अजून शिकवावं लागतं. प्रत्येक कॅपच्या क्रमांकाचा दोन्ही शेजाऱ्यांशी असलेला फरक मिळवायचा, त्यातून 2 वजा करायचे, मग सगळ्याची बेरीज. 100 च्या वर गेली की रंगभेद ओळखण्याची क्षमता कमी धरतात.

उजव्या डोळ्याची बेरीज 132 आली. चुका लाल-हिरवा किंवा निळा-पिवळा अशा एका अक्षावर गोळा न होता रंगांच्या वर्तुळभर विखुरलेल्या. बाहुल्यांच्या प्रतिक्रिया, ओसीटी (दृष्टिपटलाचं स्कॅन), फील्ड (नजरेच्या क्षेत्राची तपासणी), सगळं स्वच्छ. ते अपेक्षितच होतं: एलएसडी सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या 2ए रिसेप्टरवर काम करतं आणि ते रिसेप्टर मेंदूच्या दृष्टिकेंद्रात भरपूर असतात. हेन्री डेव्हिड एब्रहम या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने 1982 मध्ये एलएसडी घेतलेल्यांत याच चाचणीने टिकून राहिलेला रंगदोष दाखवला होता.

तो एक कॅप ठेवून दुसरी बघायचा तेव्हा मध्येच थबकायचा. आधीच्या कॅपचा रंग पुढचीवर चढत असावा, असं मला वाटलं. म्हणून तासाभराने पुन्हा घेतली. या वेळी दोन कॅप्सच्या मध्ये करड्या कापडाकडे दहा सेकंद बघायला लावलं. बेरीज 88.

पण ही चाचणी दुसऱ्यांदा केली की सरावानेही गुण सुधारतात. मी दोन गोष्टी एकदम बदलल्या. कापड न वापरता दुसरी फेरी आधी घ्यायला हवी होती.

मानसोपचार विभागाला पाठवताना चिठ्ठीत संशयित ‘हॅल्युसिनोजेन पर्सिस्टिंग परसेप्शन डिसऑर्डर’ (भास घडवणारं द्रव्य उतरल्यावरही टिकून राहणारा दृष्टीचा त्रास) असं पूर्ण नाव लिहिलं. गांजा पूर्ण बंद ठेवायला त्याला सांगितलं, आणि रिस्पेरिडोन या भासांवरच्या औषधाने काहींना हा त्रास वाढल्याच्या नोंदी आहेत हेही चिठ्ठीत टाकलं. कारण ‘भास’ एवढाच शब्द वाचून नेमकं तेच औषध सुरू होऊ शकतं.

येत्या गुरुवारी तो परत येतोय. कापड न वापरता तिसरी फेरी घेणार आहे. बेरीज पुन्हा 132 कडे सरकली तर रेंगाळणारा रंगच आड येतोय असं धरता येईल; 88 च्या आसपास राहिली तर माझी समजूत मला खोडावी लागेल.